नंबराच्या पहिल्या तीन आकड्यांचा भाव

११ ऑक्टोबर २०१७, बुधवार. ब्रिटिश संसदेत दर बुधवारी पंतप्रधानांना थेट प्रश्न विचारले जातात. त्या दिवशी विरोधी पक्षनेते जेरेमी कॉर्बिन यांनी थेरेसा मे यांच्यापुढे मांडलेला विषय होता एका हेल्पलाइनच्या नंबराचा. बेरोजगार आणि तुटपुंज्या कमाईच्या लोकांसाठी सरकारने ‘युनिव्हर्सल क्रेडिट’ ही एकत्रित अनुदानाची योजना आणली होती. अर्ज केल्यावर पहिला हप्ता हातात पडायला सहा-सहा आठवडे लागत. पैसे कुठे अडकले हे विचारण्यासाठी हेल्पलाइनला फोन लावावा, तर काही मोबाइलधारकांना मिनिटाला ५५ पेन्सपर्यंत मोजावे लागत. खिशात पैसे नाहीत म्हणून फोन करायचा आणि त्या फोनसाठीच पैसे मोजायचे! निदान ही हेल्पलाइन तरी मोफत करा, अशी कॉर्बिन यांची मागणी होती.

सरकारचे म्हणणे असे, की हा नंबर ०३४५ने सुरू होतो, त्याचा दर साध्या फोनइतकाच असतो आणि या कॉलमधून खात्याला एक पेनीही मिळत नाही. यात खोटे काहीच नव्हते. ५५ पेन्सचा आकडाही खराच होता. आठवडाभरातच मंत्री डेव्हिड गॉक यांनी हेल्पलाइन मोफत करत असल्याचे जाहीर केले आणि वाद मिटला. पण दोन्ही बाजू एकाच वेळी खऱ्या कशा असू शकतात, हे समजून घेतले तर ब्रिटनमधल्या फोन बिलांचा सगळा गुंता उलगडत जातो.

ब्रिटनमध्ये फोन नंबराचे सुरुवातीचे आकडे हे त्याच्या भावाचे लेबल असते. ०१ आणि ०२ हे गावोगावचे लँडलाइन नंबर; लंडनचा ०२०. ०७ म्हणजे मोबाइल. ०३ हा गट २००७ साली सुरू झाला. त्याला अट अशी, की दर ०१-०२ पेक्षा जास्त असता कामा नये आणि महिन्याच्या पॅकमध्ये ‘फुकट मिनिटे’ असतील तर ०३चा कॉलही त्यांतूनच वजा झाला पाहिजे. त्यापुढे मामला बदलतो. ०८४, ०८७, ०९ आणि ११८ हे सारे विशेष दराचे नंबर, आणि ते सहसा कुठल्याच पॅकमध्ये बसत नाहीत. महिन्याला अमर्याद मिनिटांचे पैसे भरणाऱ्यालाही या नंबरांचे वेगळे बिल येते.

युनिव्हर्सल क्रेडिटची भानगड इथेच होती. ०३४५चा दर ‘साध्या फोनइतका’, पण साध्या फोनचा दर काय? महिन्याचे कंत्राट घेतलेल्या नोकरदाराला तो कॉल जवळपास फुकट पडे, कारण पॅकमधली मिनिटे शिल्लक असत. गरजेपुरते क्रेडिट टाकून प्रीपेड फोन वापरणाऱ्याला मात्र साधा कॉलही मिनिटामिनिटाने विकत घ्यावा लागे आणि काही योजनांत तो दर ५५ पेन्सपर्यंत जाई. म्हणजे ज्याच्यासाठी हेल्पलाइन होती, त्यालाच ती सर्वांत महाग पडत होती. नियमात कुठेही खोट नसताना हे घडत होते, म्हणून ते जास्त खटकते.

ही रचना एका दिवसात झालेली नाही. पूर्वी ब्रिटनमध्येही आपल्या एसटीडीसारखाच प्रकार होता. गावातला कॉल स्वस्त, दूरचा महाग. तेव्हा बँका, विमा कंपन्या, मोठी दुकाने यांनी देशभरासाठी एकच नंबर घ्यायला सुरुवात केली. ०८४५ म्हणजे कुठूनही लावा, दर स्थानिक कॉलचा. ०८७० म्हणजे दर लांबच्या कॉलचा. ग्राहकाला ही सोयच होती, कारण दूरच्या शहरातल्या कंपनीशी स्थानिक दरात बोलता येत होते. मग स्पर्धा आली, दर उतरले, आणि २००४च्या सुमारास बीटी या सर्वांत मोठ्या कंपनीने स्थानिक आणि लांबचा हा भेदच काढून टाकला. पाठोपाठ पॅकचा जमाना आला. ०१-०२ आणि ०७चे कॉल मिनिटांच्या गठ्ठ्यात गेले. ०८४५ आणि ०८७० बाहेरच राहिले. कालपर्यंतची सवलत आज भुर्दंड झाली, नंबर मात्र तोच राहिला. लेटरहेडवर, पावतीवर, डेबिट कार्डाच्या मागे ‘स्थानिक दर’ हे शब्द पुढेही कितीतरी दिवस छापले जात होते.

मोबाइलने गोंधळात आणखी भर घातली. जाहिरातीच्या तळाशी बारीक अक्षरांत एक ठरावीक ओळ असे: बीटीच्या लँडलाइनवरून मिनिटाला इतके पेन्स, मोबाइलवरून दर बराच जास्त असू शकतो. किती जास्त, ते कोणी सांगत नसे, कारण सांगणाऱ्या कंपनीलाही ते ठाऊक नसे. प्रत्येक मोबाइल कंपनीचा दर वेगळा, तिच्या प्रत्येक योजनेचा वेगळा. लँडलाइनवरून संपूर्ण मोफत असलेल्या ०८०० नंबरालासुद्धा मोबाइलवरून मिनिटाला ४० पेन्सपर्यंत पडत. घरात लँडलाइन नसलेल्या गरीब कुटुंबांना ‘मोफत’ या शब्दाचा काही उपयोग नव्हता.

या कॉलमधले पैसे जातात कुठे? फोन करणारा आपल्या मोबाइल कंपनीला पैसे देतो. ती त्यातला आपला हिस्सा ठेवते आणि उरलेले ज्या कंपनीने तो विशेष नंबर दिला आहे तिच्याकडे पाठवते. ही दुसरी कंपनी त्यातला काही भाग नंबर वापरणाऱ्या संस्थेला देते, नाहीतर त्या बदल्यात तिला कॉल सेंटरची यंत्रणा स्वस्तात किंवा फुकट पुरवते. म्हणजे बँकेने, दुकानाने, कधी दवाखान्यानेही ०८४चा नंबर घेतला की ग्राहकाच्या प्रत्येक मिनिटातून त्या संस्थेच्या फोनव्यवस्थेचा खर्च भागू लागतो. इंग्लंडमधल्या कितीतरी फॅमिली डॉक्टरांकडे असेच नंबर होते. आजारी माणूस अपॉइंटमेंटसाठी ताटकळत असताना दवाखान्याच्या फोनयंत्रणेचे हप्ते फिटत होते. अखेर साध्या कॉलपेक्षा महाग पडणारे नंबर दवाखान्यांनी वापरू नयेत असा नियम आरोग्यसेवेला करावा लागला.

या व्यवहारातली सर्वांत अन्यायाची गोष्ट म्हणजे होल्ड. ‘तुमचा कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे’ ही टेप आणि संगीत वाजत असताना सिग्नलला उभ्या रिक्षासारखे मीटर चालूच असते. याचा हिशेब ब्रिटनच्या नॅशनल ऑडिट ऑफिसने जुलै २०१३च्या अहवालात मांडला. केंद्र सरकारच्या सुमारे एक तृतीयांश ग्राहक-लाइनी चढ्या दराच्या नंबरांवर होत्या. २०१२-१३ या एका वर्षात लोकांनी या लाइनींवर फोन करण्यासाठी ५ कोटी ६० लाख पौंड खर्च केले. त्यांतले २ कोटी ६० लाख पौंड नुसते कोणी फोन उचलेपर्यंत वाट पाहण्यात गेले. जवळजवळ निम्मे पैसे! आणि हे फोन होते कर भरणाऱ्यांचे, अनुदान मागणाऱ्यांचे. त्यांना दुसऱ्या दुकानात जाण्याची सोय नव्हती, सरकार एकच होते. संसदेच्या लोकलेखा समितीने, अध्यक्ष मार्गारेट हॉज यांच्या नेतृत्वाखाली, सरकारी खात्यांना चांगलेच धारेवर धरले. कर खाते ०८४५ सोडून ०३च्या नंबरांवर गेले आणि वर्षअखेरीस सगळ्याच खात्यांसाठी मार्गदर्शक सूचना निघाल्या.

खासगी कंपन्यांसाठी बदल कायद्याने आला. जून २०१४पासून ब्रिटनमध्ये नियम झाला, की वस्तू विकल्यानंतर तक्रारीसाठी किंवा चौकशीसाठी ग्राहकाने फोन केला तर त्याला मूळ दरापेक्षा जास्त आकारता येणार नाही. बँका आणि विमा कंपन्यांना हे बंधन ऑक्टोबर २०१५पासून लागू झाले. मूळ युरोपीय संघाच्या या नियमाचा कस लागला तो जर्मनीतल्या एका खटल्यात. कॉमटेक नावाची कंपनी ग्राहकांसाठी ०१८०चा नंबर वापरत होती. लँडलाइनवरून मिनिटाला १४ सेंट, मोबाइलवरून ४२ सेंट. यातून आम्ही नफा कमावत नाही, असा तिचा बचाव होता. युरोपीय संघाच्या न्यायालयाने २ मार्च २०१७ रोजी निकाल दिला, की कंपनीला नफा होतो की नाही हा प्रश्नच नाही. साध्या लँडलाइनला किंवा मोबाइलला केलेल्या कॉलपेक्षा ग्राहकाला जास्त पडता कामा नये. न्यायालयाने हिशेब ग्राहकाच्या बिलावरून मांडला, कंपनीच्या गल्ल्यावरून नाही. याहून सरळ मोजमाप या विषयात दुसरे सापडणार नाही.

सर्वांत मोठी फेररचना १ जुलै २०१५ला झाली. ऑफकॉम या ब्रिटिश दूरसंचार नियामकाने त्या दिवसापासून ०८०० आणि ०८०८चे कॉल मोबाइलवरूनही मोफत केले. त्याच दिवशी ०८४, ०८७, ०९ आणि ११८ या नंबरांच्या दराचे दोन तुकडे झाले. पहिला ‘ॲक्सेस चार्ज’, तो फोन करणाऱ्याच्या कंपनीचा. दुसरा ‘सर्व्हिस चार्ज’, तो पलीकडच्या संस्थेचा. सर्व्हिस चार्जला वरची मर्यादा घातली: ०८४ला मिनिटाला ७ पेन्स, ०८७ला १३ पेन्स आणि ०९ला तब्बल ३ पौंड ६० पेन्स. जाहिरातीत आता ‘मिनिटाला इतके पेन्स, अधिक तुमच्या फोन कंपनीचा ॲक्सेस चार्ज’ असे लिहावे लागते.

हे ऐकायला स्वच्छ वाटते, पण बिल करून पाहावे. समजा, एखाद्याच्या मोबाइल कंपनीचा ॲक्सेस चार्ज मिनिटाला ५० पेन्स आहे आणि त्याने १३ पेन्सच्या ०८७ नंबराला फोन लावून वीस मिनिटे होल्डवर काढली. बिल होते १२ पौंड ६० पेन्स. त्यांतले सर्व्हिस चार्जचे अवघे २ पौंड ६० पेन्स. उरलेले १० पौंड मोबाइल कंपनीचे. जाहिरातीत ठळकपणे दिसतात ते १३ पेन्स. ५० पेन्सचा आकडा असतो ग्राहकाच्या स्वतःच्या योजनेच्या दरपत्रकात, आणि फोन लावण्यापूर्वी तो कागद कोण उघडतो? ऑफकॉमने एका योजनेला एकच ॲक्सेस चार्ज असावा अशी सक्ती केली, पण त्या चार्जला कमाल मर्यादा घातली नाही. ही सुधारणा त्यामुळे अर्धीच राहिली. भावाचे लेबल लागले खरे, पण एक तुकडा एका ठिकाणी आणि दुसरा दुसऱ्या ठिकाणी. बेरीज करण्याचे काम घाईत असलेल्या ग्राहकाच्या गळ्यात पडले.

११८ची गोष्ट याहून निराळी आणि वयस्कर माणसांच्या बाबतीत जास्त दुखावणारी आहे. एखाद्याचा फोन नंबर शोधायचा तर ब्रिटनमध्ये पूर्वी १९२ फिरवत. २००३ साली तो बंद करून बाजार खुला केला गेला आणि ११८ने सुरू होणारे अनेक नंबर आले. स्पर्धेमुळे दर उतरतील ही अपेक्षा होती. प्रत्यक्षात स्पर्धा झाली ती जाहिरातींची. त्यांत ११८ ११८ची जाहिरात घरोघरी पोचली: झुपकेदार मिशा, लांब केस आणि लाल पट्ट्यांची बनियन घातलेले दोन धावपटू. १९७०च्या दशकात १०,००० मीटर शर्यतीचा विश्वविक्रम करणारे धावपटू डेव्हिड बेडफर्ड यांनी ही आपलीच नक्कल असल्याची तक्रार केली, आणि ऑफकॉमने २००४ साली ती मान्यही केली. नंबर मात्र लोकांच्या ओठांवर राहिला. नंतर इंटरनेट आले, तरुण माणसे मोबाइलवर नंबर शोधू लागली आणि ११८ची गिऱ्हाइके वर्षागणिक झपाट्याने घटली. कंपन्यांनी उरलेल्यांकडून जास्त वसूल करायला सुरुवात केली. दीड मिनिटाच्या कॉलचे दर काही नंबरांवर दहा पौंडांच्याही पुढे गेले. नंबर सांगून झाल्यावर ‘जोडून देऊ का?’ असे विचारले जाई. ‘हो’ म्हटले की पुढचे सगळे संभाषण त्याच चढ्या दराने चाले. ऑफकॉमच्या पाहणीत दिसले, की पासष्टीपुढची माणसे तरुणांपेक्षा चौपट प्रमाणात ही सेवा वापरतात. म्हणजे इंटरनेट न वापरणारे आजी-आजोबा उरले होते, आणि भुर्दंड त्यांच्यावरच बसत होता. १ एप्रिल २०१९पासून ऑफकॉमने ९० सेकंदांना ३ पौंड ६५ पेन्सची मर्यादा घातली. तीही कमी म्हणता येणार नाही.

त्याच वर्षी ०७० नंबरांचाही बंदोबस्त झाला. ब्रिटिश मोबाइल ०७ने सुरू होतो, तसाच हाही. पण ०७० हा मोबाइल नव्हे. तो ‘पर्सनल नंबर’, म्हणजे कुठल्याही दुसऱ्या फोनवर वळवता येणारा आणि मोबाइलपेक्षा कितीतरी महाग. एक मिस्ड कॉल यायचा, माणूस ओळखीच्या कोणाचा तरी मोबाइल असेल म्हणून उलट फोन करायचा, आणि बिल आल्यावर कपाळाला हात लावायचा. ऑक्टोबर २०१९पासून ऑफकॉमने या नंबरांचा घाऊक दर मोबाइलच्या पातळीवर आणला. तेव्हापासून फसवणाऱ्याला त्यात कमाई उरली नाही.

टीव्हीवरच्या स्पर्धांनीही ०९ नंबरांवर भरपूर पैसा केला. जीएमटीव्ही या सकाळच्या वाहिनीच्या स्पर्धांत लाइन सुरू असतानाच विजेत्यांची निवड उरकली जायची आणि त्यानंतर फोन करणाऱ्यांना जिंकण्याची शक्यताच नसायची. हा प्रकार सुमारे चार वर्षे चालला. सप्टेंबर २००७मध्ये वाहिनीला २० लाख पौंडांचा दंड झाला. पुढच्या वर्षी अशाच गैरप्रकारांसाठी आयटीव्हीला ५६ लाख ७५ हजार पौंड भरावे लागले.

याच सुमारास भारतातही असा वाद पेटला होता. २००७च्या ‘कौन बनेगा करोडपती’त शाहरुख खान सूत्रसंचालक होते आणि प्रेक्षकांसाठी ‘हर सीट हॉट सीट’ ही एसएमएस स्पर्धा होती. एका एसएमएसला २ रुपये ४० पैसे पडत, म्हणजे नेहमीच्या दरापेक्षा जास्त. स्पर्धा मोफत असल्याचा समज होतो, पण बक्षिसाची रक्कम एसएमएसच्या चढ्या दरातूनच निघते, अशी तक्रार झाली. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ साली स्टार इंडिया आणि एअरटेल यांना एक कोटी रुपयांचा दंडात्मक आदेश दिला. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली तो रद्द केला, कारण बक्षिसाची रक्कम त्याच पैशांतून दिल्याचा पुरावा रेकॉर्डवर नव्हता. पुढे भारतात जास्त त्रास झाला तो कॉलर ट्यून, ज्योतिष, क्रिकेट स्कोअर अशा न मागता चालू होणाऱ्या सेवांचा. रिचार्ज केला की दोन दिवसांत पैसे गायब! जुलै २०१३मध्ये ट्राय या भारतीय दूरसंचार नियामकाने अशा प्रत्येक सेवेसाठी ग्राहकाची दुहेरी संमती सक्तीची केली, आणि सेवा बंद करायला १५५२२३ हा मोफत नंबर होता. भारतात १८०० म्हणजे टोल-फ्री हे बहुतेकांना माहीत असते. १८६०चे पैसे मात्र फोन करणाऱ्यालाच पडतात. अनलिमिटेड पॅकमध्ये असे नंबर धरलेले असतीलच असे नाही.

ब्रिटनमधल्या मराठी माणसांचा या नंबरांशी जुना संबंध आहे. व्हॉट्सॲप येण्यापूर्वी पुण्याला किंवा कोल्हापूरला फोन करायचा म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानातून कॉलिंग कार्ड आणायचे, नाहीतर ०८४चा ‘ॲक्सेस नंबर’ फिरवायचा. आधी तो नंबर, मग ००९१ आणि पुढे घरचा नंबर. लँडलाइनवरून भारताचा कॉल मिनिटाला काही पेन्सांत होई. तोच नंबर मोबाइलवरून लावला की मोबाइल कंपनीचा दर वर चढे आणि आईशी मारलेल्या अर्ध्या तासाच्या गप्पा थेट लावलेल्या कॉलपेक्षाही महाग पडू शकत. कार्डावरचा ०८०० नंबर वापरला तर कार्डातली मिनिटे भराभर उडत; ०२०चा वापरला तर जास्त टिकत.

आता ते दिवस सरले, पण नव्याने शिकायला आलेल्या विद्यार्थ्याला दुसरी ठेच लागू शकते. कर खात्याचा किंवा वाहन परवाना कार्यालयाचा नंबर इंटरनेटवर शोधला की कधीकधी वरच्याच ओळीत भलत्याच कंपनीचे पान येते. तिथे ठळक अक्षरांत ०८४, ०८७ किंवा ०९चा नंबर असतो. लावला तर कॉल खरोखरच सरकारी कार्यालयात जातो, कारण मधली कंपनी तो तिथे जोडून देते. मात्र सगळा वेळ चढ्या दराने मोजला जातो, होल्डसकट. माणसाचे काम होते, म्हणून फसवले गेल्याचे महिनाअखेरीपर्यंत कळतही नाही. अशा सेवांवर लक्ष ठेवणारी फोन-पेड सर्व्हिसेस ऑथॉरिटी ही संस्था १ फेब्रुवारी २०२५ला ऑफकॉममध्ये विलीन झाली, आणि विशेष दराच्या सेवांची तक्रार आता तिथेच करायची असते. कार्यालयाचा खरा नंबर सरकारच्या अधिकृत संकेतस्थळावर असतो आणि तो बहुधा ०३०० किंवा ०८००ने सुरू होतो. एखाद्या कंपनीचा जुना ०८४५ नंबर हाताशी असेल तर आठच्या जागी तीन घालून पाहावा. ०३४५ आणि ०३७० हे गट जुन्या ०८४५ आणि ०८७०च्या वापरकर्त्यांना हलता यावे म्हणूनच राखून ठेवले होते, आणि अनेकदा तीच कंपनी पलीकडे फोन उचलते.